पाटील उभा करणारा माळी

संध्याकाळचे सात वाजलेत. माणच्या मेगापोलिस सर्कलजवळ तुमची बस उभी आहे आणि हिंजवडीकडे जाणारी गाड्यांची रांग जागची हलत नाही. शेजारी बसलेला मुलगा मोबाइलवर रील बघतोय. कुणीतरी नकलाकार आहे. डोक्यावर तिरपी टोपी, घोगरा ओढलेला आवाज आणि बाईला वाड्यावर बोलावण्याचं ते वाक्य. मुलगा हसतो आणि बोट वर सरकवतो.

"निळू फुले ना?" तुम्ही विचारता.

"हां, ते व्हिलन," तो म्हणतो.

त्याचा काही दोष नाही. आपणच त्याच्या हाती एवढं एक वाक्य ठेवलंय. महाराष्ट्रातल्या सत्तेचा चेहरा इतक्या बारकाईने पाहून पडद्यावर आणणारा दुसरा नट मला दाखवता येत नाही. त्या नटाचं आपण काय करून ठेवलं, ते बघायला तुम्हाला बसमधून उतरावं लागेल. उतरा. आणि मागे चला.

आधी मेट्रोचे खांब जातील, मग काचेच्या इमारती. फेज तीन, फेज दोन, फेज एक. नव्वदच्या दशकाच्या अलीकडच्या टोकाला इन्फोटेक पार्क नुकतं आकार घेतंय. त्याच्याही मागे जा. आता मुळशी तालुक्यातलं शेतकऱ्यांचं माण गाव उरलं. भाताची खाचरं, बांध, बैलगाडीची चाकोरी, खाली मुळा नदी. साल सत्तर-पंचाहत्तरच्या दरम्यानचं कुठलंही घ्या. गावात टीव्ही यायला अजून बराच अवकाश आहे.

चैत्री पौर्णिमा आहे. म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला गेलंय आणि पंचक्रोशी रस्त्यावर आलीय. जत्रेच्या कडेला, त्या काळी जत्रांमधून फिरायच्या तसल्या टूरिंग टॉकीजचा तंबू ठोकलाय. माणहून आलेल्या एका कुटुंबाच्या मागोमाग तुम्ही आत शिरता. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, मधे दोर. बसायला माती. बाहेर जनरेटर धडधडतोय. मागच्या बाजूला चार तरुण विड्या ओढत उभे आहेत. कुणी टेल्कोत लागलाय, कुणी आकुर्डीला बजाजमध्ये, रोज सायकलीने जाऊन-येऊन करतात. पोरं अगदी पडद्याच्या तोंडाशी. आणि एका बाजूला, मातीवर नव्हे, मुद्दाम आणवलेल्या लाकडी खुर्च्यांवर, मानाची मंडळी.

पडद्यावर 'एक गाव बारा भानगडी' सुरू आहे. अनंत माने यांचा, १९६८ सालचा. शंकर पाटलांची कथा. त्यातला झेलेअण्णा, म्हणजे निळू फुले, पडद्यावर येतो आणि तुमच्यापुढची म्हातारी कडाकडा बोटं मोडते.

"मुडदा बशिवला त्येचा!"

"आत्ये, त्यो खरा न्हाई, नाटकातला हाय," तिची भाची म्हणते.

"गप ए. कसा ग्वाड बोलतुया बग की."

म्हातारीने नेमकं हेरलंय. हा माणूस ओरडत नाही. तो चौकशी करतो. पोराचं शिक्षण कुठवर आलं, आई कशी आहे, पाऊस पडला का तुमच्याकडे. आवाज खाली, शब्द ओढलेले, मान किंचित कलती, आणि डोळे मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावर न ठेवता त्याच्या कमरेला, पिशवीला, मागे उभ्या असलेल्या बायकोला मोजून येतात. आवाज चढवायची गरज त्याला पडते ज्याच्या शब्दाला वजन नसतं. याच्या शब्दावर सोसायटीचं कर्ज, पाण्याची पाळी, पोराची नोकरी असं सगळं लटकलेलं आहे, आणि ते त्याला माहीत आहे. ज्याच्याशी तो बोलतोय त्यालाही माहीत आहे.

रीळ संपतं. दुसरं चढवेपर्यंत दिवे लागतात. मातीवर बसलेल्यांपैकी काही नजरा खुर्च्यांकडे वळतात. अर्धा क्षणच, लगेच परत येतात. कुणी काही बोलत नाही. हा अर्धा क्षण नीट बघून घ्या, कारण निळूभाऊंच्या साऱ्या कारकिर्दीचं मोल मी त्यात मोजतो. पडद्यावरच्या माणसाला दिलेली शिवी कुठल्या दिशेला जायला हवी, हे तंबूतल्या माणसांना कळलं होतं.

आता प्रश्न असा, की हे सगळं या नटाला ठाऊक कसं? तो काही वाड्यात जन्मलेला नव्हता. त्यासाठी आणखी मागे जाऊ.

पुणे, वानवडी. आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजची बाग. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झालीत. नीळकंठ कृष्णाजी फुले नावाचा तरुण इथे माळी आहे. जन्म १९३० चा, पुण्यातलाच. घरी भावंडं भरपूर, वडील लोखंडाचं भंगार आणि भाजी विकून संसार चालवणारे. पोराला महिन्याला ऐंशी रुपये पगार आहे. त्यातले दहा रुपये तो राष्ट्र सेवा दलाला देतो. पगाराचा आठवा हिस्सा, आणि तोही अशा घरातून. स्वतःची रोपवाटिका काढायची त्याची इच्छा आहे, पण भांडवल कुठून आणणार?

त्याच्या शेजारी उकिडवे बसा. वाफ्यातलं तण काढत बसलेल्याला साहेब आधी बुटांवरून कळतो, मग आवाजावरून, आणि तोंड सगळ्यात शेवटी दिसतं. कोण बोलताना थांबतो, कोण चालता चालता हुकूम टाकतो, कोण नाव घेऊन हाक मारतो आणि कोण नुसता 'ए' म्हणतो, याची नोंद खालच्या माणसाकडे पक्की असते. वरच्याला तिचा पत्ताही नसतो. मला नेहमी वाटत आलंय, की पुढे पडद्यावर जे पाटील, सरपंच, चेअरमन उभे राहिले त्यांची तालीम इथे झाली. सत्ता खालून पाहिलेली होती म्हणून ती इतकी अचूक दिसली. वरून पाहणाऱ्याने तिला मिशा आणि चाबूक दिला असता.

बाग सोडून संध्याकाळी त्याच्याबरोबर सेवा दलात चला. १९४१ मध्ये सुरू झालेली, साने गुरुजी आणि एसेम जोशी यांच्या विचारांवर वाढलेली ही संघटना. जातपात न मानणारी पोरंपोरी एकत्र खेळतात, गातात, श्रमदान करतात आणि कलापथक घेऊन गावोगाव जातात. इथे नाटक हा हौसेचा भाग कमी आणि कामाचा भाग जास्त आहे. १९५७ ची निवडणूक जवळ आली आहे, संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटलेला आहे आणि आपला माळी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहून मोकळा झालाय. नट म्हणून नाव होण्याआधी तो लेखक झाला, तोही चळवळीच्या गरजेपोटी. पुलंच्या 'पुढारी पाहिजे' मध्ये त्याने केलेला रोंगे लोकांना इतका आवडला, की त्याला पुन्हा पुन्हा बोलावणी यायला लागली.

कलापथकात त्याच्याबरोबर राम नगरकर आहेत. या दोघांना एकत्र पाहायचं तर 'कथा अकलेच्या कांद्याची' च्या प्रयोगाला थांबा. हेही शंकर पाटलांचंच. लोकनाट्यात संहिता असते, पण ती अंगरख्यासारखी सैल असते. रात्रीच्या गर्दीचं अंग बघून ती बसवून घ्यायची. पुढच्या रांगेत कोण आहे, आज गावात काय घडलं, कुठे हशा पिकला आणि कुठे नुसता खोकला ऐकू आला, हे सगळं बोलता बोलता टिपावं लागतं. एका वाक्याने पडलेला प्रयोग उचलता येतो आणि एका वाक्याने उभा प्रयोग पाडता येतो. निळूभाऊ त्यातून कान कमावून बाहेर पडले. सिनेमात त्यांचं एखादं वाक्य संपल्यावर जो नेमका थांबा येतो ना, तो कुठल्या नाट्यशाळेत शिकलेला नाही. तो हजारो माणसांसमोर, बत्तीच्या उजेडात शिकलेला आहे.

सिनेमाने त्यांना मग उचललंच. 'सोंगाड्या', 'पिंजरा' आणि पाठोपाठ किती तरी. सत्तर-ऐंशीच्या दशकातला मराठी ग्रामीण चित्रपट आणि निळू फुले ही नावं वेगळी करणं अवघड आहे. यातले बरेच चित्रपट सामान्य होते, हेही म्हणायला हवं. त्याच त्याच बलात्काराच्या, कारस्थानाच्या पटकथा. नट मोठा आणि चौकट लहान, असं वारंवार झालं. त्या चित्रपटांपाशी थांबू नका. त्यांच्यातूनच ते नकलेतलं वाक्य आलंय.

थांबायचं ते मुंबईत, १९७२ साली. 'सखाराम बाइंडर' च्या प्रयोगाला. विजय तेंडुलकरांचं नाटक, कमलाकर सारंग यांचं दिग्दर्शन. चंपाच्या भूमिकेत लालन सारंग, लक्ष्मीच्या भूमिकेत कुसुम कुलकर्णी. आणि बुकबाइंडर सखाराम म्हणून, तमाशाच्या बाजाच्या नाटकांतून आलेला हा पुण्याचा माणूस. तुमच्या डावी-उजवीकडे इस्त्रीचे कपडे घातलेला मध्यमवर्गीय प्रेक्षक बसला आहे, ज्याला रंगमंचावर दिवाणखाना बघायची सवय आहे. पडदा वर जातो आणि समोर एक खोली, एक मृदंग आणि नवऱ्यांनी टाकलेल्या बायका करारावर घरात आणून ठेवणारा माणूस. तो जे करतो ते उघड सांगून करतो. त्याच्या तोंडी जी भाषा आहे ती या सभागृहाने रस्त्यावर ऐकलेली आहे, तिकीट काढून कधी ऐकलेली नाही.

सखाराम क्रूर आहे आणि प्रामाणिकही. दोन्ही एकाच वाक्यात कसं दाखवायचं? निळूभाऊ ते अंगाने दाखवतात. बाईवर खेकसणारा हाच देह मृदंगावर बसला की मऊ होतो. प्रेक्षकाला त्याचा तिरस्कार करायची सोय नीट मिळत नाही, म्हणून तो जास्त अस्वस्थ होतो. नाटकावर सेन्सॉर मंडळाचं संकट आलं, सारंगांना न्यायालयात जावं लागलं आणि नाटक पुन्हा उभं राहिलं. सारंगांनी तो सगळा लढा 'बाइंडरचे दिवस' मध्ये लिहून ठेवला आहे. मिळालं तर जरूर वाचा.

आता 'सामना'. इथे मात्र सावकाश बसा.

रामदास फुटाणे निर्माते, जब्बार पटेल यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचं. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. तुम्ही पुन्हा माणच्या माणसांमध्ये बसून तो पाहताय असं धरून चला, कारण या चित्रपटाचा विषय त्यांच्यापासून लांबचा नाही. सहकाराने पश्चिम महाराष्ट्रात काय उभं केलं, हे त्यांना दिसतंय. पुढे याच भागात कासारसाई-दारुंब्रेला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना उभा राहील आणि मुळशी-मावळातला ऊस तिकडे जाईल. कारखाना म्हणजे रस्ता, शाळा, हातात रोख पैसा. हे खरंच आहे. म्हणूनच हिंदुराव धोंडे पाटील हा माणूस नुसता दुष्ट करून चालणार नव्हता.

निळूभाऊंचा हिंदुराव कर्तबगार आहे. कारखाना त्याने उभा केलाय, गाव त्याच्यावर जगतंय आणि त्याला त्याचा रास्त अभिमान आहे. दारूच्या आहारी गेलेला एक जुना गांधीवादी मास्तर गावात येऊन पडतो, तर हिंदुराव त्याला हाकलत नाही. आसरा देतो, पाजतो, गप्पा मारतो. त्याला त्या मास्तरची संगत आवडते. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पेशा सोडून रंगभूमीवर आलेले, १९७० पासून 'नटसम्राट' च्या अप्पा बेलवलकरांनी महाराष्ट्र हलवलेला. एकाकडे शिक्षणाने आणि अभ्यासाने घडलेली वाणी, दुसऱ्याकडे बागेतून आणि बोर्डावरून आलेली. दोघे समोरासमोर बसतात. पडद्याबाहेर दोघे एकाच विचाराचे, जिवाभावाचे मित्र आहेत.

आणि मग मास्तर गावातून बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारायला लागतो. मारुती कांबळे म्हणजे मोहन आगाशे. सैन्यातून परतलेला, गावाला प्रश्न विचारणारा माणूस. मास्तर दिसेल त्याला तेच विचारतो. आता हिंदुरावकडे बघा, मास्तरकडे नको. पहिल्यांदा प्रश्न येतो तेव्हा चेहऱ्यावर काहीच हलत नाही. पुन्हा येतो तेव्हा आदरातिथ्य थोडं वाढतं. त्याच्याही पुढे तो येतच राहतो आणि तेव्हा या बलदंड माणसाच्या डोळ्यांत थकवा दिसतो. साम्राज्य जाईल या भीतीपेक्षा, आपण इतकं केलं आणि हा एवढासा प्रश्न सगळ्याला पुरून उरतोय, याचा थकवा. कुठल्याही खलनायकाला न मिळालेली गोष्ट निळूभाऊंनी हिंदुरावला दिली. त्याला आतलं आयुष्य दिलं. त्यामुळे तुम्हाला त्याची दया येते आणि त्याच वेळी मारुती कांबळेचा विसर पडत नाही. हे दोन्ही एकाच वेळी साधणं फार फार कठीण आहे.

याच माणसाने सत्तेच्या उलट्या बाजूला उभं राहूनही दाखवलं. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' मध्ये ते अप्पाजी झाले. स्वातंत्र्यलढ्यात झिजलेला म्हातारा, मुलगा राज्याचा मुख्यमंत्री, आणि मुलाच्या राज्यात चाललंय ते बघून त्याच्याच विरोधात उभा राहणारा बाप. कोपऱ्यात बसून पाहा. इथे टोपी सरळ आहे. धोतर तेच, आवाजही तोच घोगरा, पण ज्या खर्जाने पडद्यावर बायका घाबरायच्या त्याच खर्जाने नाट्यगृह गलबलून जातंय. सेवा दलाच्या पोराला अप्पाजी बाहेरून शोधावा लागला नसणार. अशा म्हाताऱ्यांच्या सतरंज्या त्याने उचललेल्या होत्या.

१९७९ चा 'सिंहासन' तर आणखी अवघड. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरचा, पुन्हा जब्बार पटेल आणि तेंडुलकर. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे डॉ. लागू, कामगार नेता डिकास्टा सतीश दुभाषी. आणि पत्रकार दिगू टिपणीस निळू फुले. सगळे खुर्चीसाठी धावताहेत, दिगू नुसता ऐकतोय. सगळे येऊन त्याला सांगतात, कारण तो काही करणार नाही याची त्यांना खात्री आहे. ऐकण्याची भूमिका करायला धाडस लागतं. नटाला हातात धरायला काही नसतं. शेवटी दिगूला जे वेडं हसू फुटतं ते या साऱ्या ऐकण्याचं साठलेलं ओझं आहे. पडद्यावर सत्ता गाजवणारा नट इथे सत्तेचा साक्षीदार झाला, आणि ती भूमिका त्याच्या स्वतःच्या आयुष्याच्या जास्त जवळची होती.

हिंदीतून भराभर जा. 'कुली', 'मशाल', आणि महेश भट्ट यांच्या 'सारांश' मधला गजानन चित्रे. म्हाताऱ्या प्रधान मास्तरांना छळणारा हा पुढारी मराठीच आहे, आणि तो पडद्यावर असतो तेव्हा मुंबईतली ती इमारत एकदम खरी वाटायला लागते. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. २००९ मध्ये 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा चित्रपट, आणि त्याच वर्षी १३ जुलैला, पुण्यात, कर्करोगाने मृत्यू. पिंपरी-चिंचवड महापालिकेने पिंपळे गुरवला त्यांच्या नावाचं नाट्यगृह बांधलं आहे. माणच्या त्या मुलाला तिथे नाटक बघायला सहज जाता येईल.

पण प्रवास मृत्यूपाशी संपवायचा नाही. ऐंशीच्या दशकात एकदा परत या, कारण ज्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला इतकं फिरवलं ती राहिलीय.

आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' चा प्रयोग आहे. जिल्ह्याच्या गावातलं, खचाखच भरलेलं नाट्यगृह. डॉ. लागू, निळू फुले आणि आणखी नामवंत मंडळी फुकट काम करताहेत. जमणारा पैसा सामाजिक कृतज्ञता निधीत जाणार आहे. आदिवासींमध्ये, मजुरांमध्ये, टाकलेल्या बायकांमध्ये, पाणवठ्यांच्या आणि अंधश्रद्धेच्या लढ्यांत पूर्णवेळ काम करणारी माणसं घर कसं चालवतात, हा प्रश्न या नटांना पडला आणि त्यांनी त्यावर हा उपाय काढला. निधी मुद्दल म्हणून ठेवायचा आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्याला दर महिन्याला मानधन द्यायचं. दान म्हणून हात वर ठेवून दिलेलं नाही. तुम्ही आमच्या वाटणीचंही काम करता म्हणून समाजाने फेडलेलं.

प्रेक्षकांतल्या बायकांकडे बघा. यांच्यातल्या कितीतरी जणींनी तंबूत या माणसाच्या नावाने बोटं मोडली असतील. आज त्याच हसताहेत, कारण तो विनोदी नाटकात आहे. मध्यंतरात चहा पिताना एक बाई दुसरीला विचारते, "हा एवढा चांगला माणूस, मग सिनेमात असली कामं का करतो गं?"

तुम्ही तिथेच उभे आहात, कपबशी हातात धरून. सांगा तिला. माळीकाम सांगा, ऐंशी रुपयांतले दहा सांगा, हिंदुरावचा थकवा सांगा. तिसरी घंटा व्हायला अजून थोडा वेळ आहे.